बेसाल्ट आहे, पण किती खाली?

'नाशिक बेसाल्टवर वसलंय, त्यामुळे जमिनीमुळे भूकंपाचा हादरा वाढण्याचा प्रश्न नाही' हे एका लेखातलं विधान अर्धंच खरं. काळी माती काढून फुटिंग (इमारतीचा पाया) थेट खडकावर बसवलं असेल तिथे ठीक. पण गोदावरी-नासर्डीकाठचा गाळ, बुजवलेले नाले, भराव टाकून सपाट केलेले प्लॉट यांचं काय? आयएस 1893 (2016) या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय संहितेनुसार नाशिक भूकंप झोन 3 मध्ये, झोनचा गुणांक 0.16. पण 1 सेकंद आवर्तनकाळाच्या (एकदा डोलून परत यायला लागणारा वेळ) इमारतीसाठी हादऱ्याचा जोर तीच संहिता खडकावर 1 धरते, मध्यम जमिनीवर 1.36, मऊ जमिनीवर 1.67. बुटक्या इमारतींना (0.4 सेकंदाच्या आत) हा फरक लागू नाही, उंच टॉवरना मात्र लागतो. 2001 च्या भूकंपात भूजपासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती पडल्या. त्यात स्टिल्ट पार्किंगचा (खाली नुसते खांब, भिंती नाहीत) दोष होताच, पण साबरमतीचा गाळही होता.

खरी गडबड माती परीक्षणात होते. एसपीटी चाचणीत ठोके मारून जमिनीत नळी (स्पून) घुसवतात; भरावातल्या मोठ्या दगडावर ती अडकते, 'रिफ्युजल' (पुढे जात नाही) लिहिलं जातं आणि अहवालात खडक उगवतो! म्हणून बोअर तिथे न थांबवता पुढे निदान 3 मीटर कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) काढावा, रिकव्हरी (त्यातला किती हाती आला) आणि आरक्यूडी (त्यात लांब अखंड तुकडे किती) बघावी. खाली पुन्हा माती लागली तर तो खडक नव्हेच. शिवाय जमिनीचा प्रकार वरच्या 30 मीटरच्या सुधारित एन मूल्यांच्या (एसपीटीतल्या ठोक्यांची संख्या) भारित सरासरीवरून ठरतो, फुटिंगखालच्या एका आकड्यावरून नाही. आणि हो, द्रवीकरणाची (हादऱ्याने जमीन पातळ होण्याची) भीती काळ्या चिकणमातीत नको. ती पाण्याखालच्या सैल वाळूत आणि पोयट्यात बघा.