‘रणगाडे आले आणि चेक सिनेमा संपला’: हा दावा का टिकत नाही

जुन्या युरोपीय चित्रपटांचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर एक मजकूर हमखास फिरतो. साठच्या दशकात काही चेक तरुणांनी कम्युनिस्ट सरकारची नजर चुकवून चित्रपट काढले, सगळी टीका प्रतीकांत दडवली, आणि ऑगस्ट 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरताच ते पर्व संपलं. ही गोष्ट डोक्यात ठेवून पाहायला बसलं, तर या चित्रपटांतलं उत्तम तेच नजरेतून सुटतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘सरकारची नजर चुकवून.’ हे शक्यच नव्हतं. चेकोस्लोव्हाकियात, म्हणजे चेक आणि स्लोव्हाक लोकांच्या तेव्हाच्या एकत्र देशात, चित्रपट उद्योगाचं राष्ट्रीयीकरण ऑगस्ट 1945 मध्ये झालं, कम्युनिस्टांनी सत्ता हाती घेण्याच्या अडीच वर्षं आधी. कच्ची फिल्म, स्टुडिओ, लॅब, थिएटरं, सगळं सरकारी. मिलोश फोर्मन, यिर्झी मेंझेल, व्हेरा खितिलोव्हा हे दिग्दर्शक 1946 साली स्थापन झालेल्या फामू या सरकारी चित्रपट-शिक्षण संस्थेत शिकले. प्रागच्या बारांदोव्ह स्टुडिओत निर्मिती-गट असत. पटकथा त्यांच्याकडून पुढे जाई आणि गटप्रमुख ठाम उभा राहिला तर धाडसी पटकथाही मंजूर होई. तिकीटबारीची धास्ती नसल्यामुळेच नवख्या दिग्दर्शकांना प्रयोग करता आले. खरी अडचण यायची ती बहुधा चित्रपट तयार झाल्यावर. खितिलोव्हाचा ‘डेझीज’ (1966) सरकारी पैशानेच बनला, आणि मे 1967 मध्ये संसदेत एका सदस्याने वीस सहकाऱ्यांच्या वतीने त्यावर हल्ला चढवला. तक्रारीत अन्नाच्या नासाडीचाही मुद्दा होता! तयार होऊन कपाटात बंद झालेल्या अशा चित्रपटांना चेक लोक ‘त्रेझोर’ म्हणजे तिजोरीतले चित्रपट म्हणतात.

‘चेक.’ सगळ्यात खटकणारी चूक हीच. साठच्या दशकातल्या या नव्या लाटेची सुरुवात अनेक अभ्यासक ज्या चित्रपटापासून मोजतात तो ‘द सन इन अ नेट’ (1962) स्लोव्हाक आहे, दिग्दर्शक श्टेफान उहेर. ‘द क्रिमेटर’ प्रागमध्ये घडतो, पण दिग्दर्शक युराय हेर्ट्स स्लोव्हाकियातल्या केझमारोकचा. परभाषिक चित्रपटासाठीचं देशाचं पहिलं ऑस्कर मिळालं ‘द शॉप ऑन मेन स्ट्रीट’ला (1965). दिग्दर्शक यान कादार आणि एल्मार क्लोस, निर्मिती बारांदोव्हची, पण संवाद स्लोव्हाक आणि चित्रीकरण पूर्व स्लोव्हाकियातल्या साबिनोव्हचं. इथे भाषेला महत्त्व आहे, कारण कथा 1942 च्या, नाझी जर्मनीच्या आश्रयाखालच्या स्लोव्हाक राज्यात घडते. एका सुताराला म्हाताऱ्या, बहिऱ्या ज्यू विधवेच्या बटणांच्या दुकानावर ‘आर्य’ कारभारी म्हणून नेमलं जातं. तो कायदा, ती निमलष्करी फौज, ती ज्यूंची हद्दपारी स्थानिक राजवटीची होती. त्याला ‘चेक’ म्हटलं की चित्रपट ज्यांना जाब विचारतो तेच निसटतात.

भाषा कानाने ओळखायची एक सोपी खूण आहे. र आणि झ एकदम उच्चारल्यासारखा ‘र्झ’ वारंवार आला तर ती चेक; स्लोव्हाकमध्ये तो ध्वनीच नाही. आभार मानताना चेक माणूस ‘द्येकुयी’ म्हणतो, स्लोव्हाक ‘द्याकुयेम’.

‘रणगाडे आले आणि संपलं.’ पडदा एका दिवसात पडला नाही. मंजूर झालेली कामं सुरू राहिली आणि स्टुडिओंतली वरची माणसं बदलायला वेळ लागला. युराय याकुबिस्कोचा ‘बर्ड्स, ऑर्फन्स अँड फूल्स’ 1969 चा. मेंझेलचा ‘लार्क्स ऑन अ स्ट्रिंग’ही 1969 चा, तो तिजोरीत गेला आणि 1990 मध्ये बर्लिन महोत्सवाचा ‘सुवर्ण अस्वल’ हा सर्वोच्च पुरस्कार घेऊन बाहेर आला. कारेल काखिन्याचा ‘द इअर’ 1970 चा. दुशान हनाकचा ‘पिक्चर्स ऑफ द ओल्ड वर्ल्ड’ तर 1972 चा: स्लोव्हाक खेड्यांतली म्हातारी माणसं, त्यांचे हात, त्यांची वाक्यं. या सगळ्या परंपरेतून एकच चित्रपट निवडायचा तर आम्ही हाच निवडू.

‘सगळं प्रतीकात दडवलेलं.’ काही चित्रपटांत आहे. पण मेंझेलच्या ‘क्लोजली वॉच्ड ट्रेन्स’मध्ये (1966) रेल्वेचे शिक्के तरुणीच्या अंगावर उमटतात, तेव्हा तो आधी थट्टेचाच प्रसंग असतो. फ्रांतिशेक व्लाचिलचा ‘मार्केता लाझारोव्हा’ (1967) तेराव्या शतकातला. त्यात सरकारविरोधी संकेत शोधत बसलं तर कथाच हरवते. तिथे आधी माणसं ओळखा: कोझलिक हा लुटारू सरदार, मिकोलाश त्याचा मुलगा, लाझार शेजारी आणि मार्केता लाझारची मुलगी. ‘द क्रिमेटर’मध्ये दाहगृहात काम करणाऱ्या नायकाचा कंगवा पाहा; प्रेताचे केस विंचरून तोच कंगवा तो स्वतःच्या केसांतून फिरवतो. त्याला समजून घ्यायला एवढं पुरतं.

या चित्रपटांबद्दल ‘संथ आणि अंधुक’ अशी तक्रारही ऐकू येते; ती बऱ्याचदा चित्रपटाची नसून पाहिलेल्या प्रतीची असते. ‘मार्केता लाझारोव्हा’ रुंद पडद्यासाठी चित्रित झाला आहे. टीव्हीच्या चौकटीत कापलेल्या प्रतीत कडेची माणसं गायब होतात, म्हणून वर-खाली काळ्या पट्ट्या असलेली पूर्ण रुंदीची प्रत घ्या. ‘डेझीज’मधले बदलते रंग मुद्दाम दिलेले आहेत, दोष समजून टीव्हीची रंगसेटिंग बदलू नका. जुन्या युरोपीय डीव्हीडीवर सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटी धावतात, त्यामुळे 100 मिनिटांचा चित्रपट 96 मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. लांबी चार टक्क्यांनी कमी दिसली तर कात्री लागली असं समजू नका. त्याहून जास्त फरक असेल तर मात्र दुसरी प्रत शोधा.