‘उतरता क्रम लावा, पहिली पाच घ्या’ : या सल्ल्यात काय सुटते

पावसाळ्यात गोव्यात इंचांचे हिशेब सुरू होतात आणि वाळपई आधी शंभरी गाठणार की सांगे, याची चर्चा रंगते. असल्या आकड्यांवर ‘आर’ ही संगणकभाषा शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो : सर्वाधिक पाच मूल्ये हवी असतील तर ‘सॉर्ट’ या आज्ञेने स्तंभ उतरत्या क्रमाने लावून पहिली पाच उचलावीत, नोंद नसलेल्या जागा आपोआप गळतात, पाच म्हणजे नेमकी पाचच मिळतात आणि डेटा मोठा असल्यास ‘पार्शल’ पर्यायाने तेच उत्तर झटपट येते. यातील एकही विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

‘सॉर्ट’ला केवळ पावसाचा स्तंभ दिला की केवळ आकडे परत येतात, ते केंद्र कोणते आणि तारीख कोणती, हे मागेच राहते. पावसाच्या अभ्यासात त्याविना आकड्याला फारसा अर्थ नाही. ‘ऑर्डर’ ही आज्ञा मूल्यांऐवजी त्यांचे ओळक्रमांक देते, त्यामुळे त्या क्रमाने संपूर्ण तक्ता मांडून वरच्या पाच ओळी घेता येतात.

सर्वांत घातक विधान मात्र रिकाम्या जागांविषयीचे आहे. ‘सॉर्ट’ अशा जागा गाळते हे खरे. पण ती ते मुकाट्याने करते, हीच अडचण आहे. मुसळधार पावसाच्या दिवशीच एखाद्या केंद्राची नोंद हुकली असेल, तर यादीत तो दिवस दिसणार नाही आणि काही गाळले गेले हेही कळणार नाही. सर्वाधिक मूल्य सांगणारी ‘मॅक्स’ ही आज्ञा याबाबतीत अधिक प्रामाणिक आहे, कारण एक जरी नोंद नसली तरी ती उत्तर देण्याऐवजी तसे दाखवते. शिवाय ‘आपोआप’ हेही सशर्तच आहे. फाइलमध्ये कोणी ‘नोंद नाही’ असे शब्द लिहिले असतील आणि वाचताना ते रिकामी जागा मानण्याची सूचना दिली नसेल, तर सगळा स्तंभ मजकूर म्हणून वाचला जातो. मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होत असल्याने मग 98 हे 204 पेक्षा मोठे ठरते आणि उतरत्या क्रमात ‘नोंद नाही’ हेच शब्द सर्वांत वर येऊन बसतात.

पाचव्या स्थानी पणजी आणि पेडणे येथील नोंदी समान असतील, तर ‘ऑर्डर’ वापरूनही फाइलमध्ये जे नाव आधी तेच यादीत येते, दुसरे विनाकारण वगळले जाते. ‘डीप्लायर’ या ‘आर’च्या जोडसंचातील ‘स्लाइस मॅक्स’ ही आज्ञा अशा वेळी सहा ओळी देते. काहींना तो दोष वाटतो. माझ्या मते अहवालासाठी तेच उत्तर योग्य आहे. ‘विच डॉट मॅक्स’ तर समान कमाल मूल्यांपैकी पहिल्याचेच स्थान सांगते.

वेगाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. ‘पार्शल’ उतरत्या क्रमासोबत चालतच नाही. तो पर्याय सांगितलेल्या स्थानावरील मूल्य तेवढे अचूक बसवतो. त्यापुढची मूल्ये त्याहून लहान नसतात, पण आपसांत क्रमाने असतीलच असे नाही. आणि जून ते सप्टेंबर हे 122 दिवस व बारा केंद्रे धरली तरी नोंदी होतात 1464. एवढ्यांसाठी साध्या ‘ऑर्डर’लाही डोळ्याचे पाते लवण्याइतका वेळ लागत नाही.