परवाना तुम्ही अडवायचा आणि गाडीही तुम्हीच उचलायची?

गेल्या मंगळवारी सकाळी साडेनऊला महापालिकेचे अतिक्रमणवाले पुन्हा आले. आईची हातगाडी, वजनकाटा, टोमॅटोचे दोन क्रेट, मेथीच्या जुड्या, सगळं उचलून टेम्पोत फेकलं. पंचनामा नाही, मालाची यादी नाही. 'परवाना दाखव.' आईने पिशवीतून बाबांचं पथविक्रेत्याचं प्रमाणपत्र काढलं, आपल्या अर्जाची पोच काढली. साहेबांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. 'हे नवऱ्याचं आहे, तुझं कुठंय?'

अहो, तेच तर आम्ही तीन वर्षं तुमच्या ऑफिसात येऊन विचारतोय!

पथविक्रेत्यांचं पहिलं सर्वेक्षण झालं तेव्हा आई-बाबा दोघंही गाडीवर उभे होते. नाव लागलं फक्त बाबांचं. बाबा गेले तेव्हा प्रमाणपत्राची मुदत बाकी होती. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात स्वच्छ लिहिलंय की विक्रेता वारला तर मुदत संपेपर्यंत त्याच्या जागी बायकोला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या मुलाला धंदा करता येतो. मी ते पान छापून नेलं, ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि टेबलावर ठेवलं. क्लार्क म्हणाला, 'आमच्याकडे असा जीआर आलेला नाही.' संसदेने कायदा केलाय, आणि याला जीआर पाहिजे!

मग फाईल फिरत राहिली. आधी डोमिसाईल आणा, मग वारस दाखला आणा, मग साहेब मीटिंगला गेलेत. प्रत्येक हेलपाट्याला आईचा अर्धा दिवस बुडाला. आणि एक दिवस त्याच क्लार्कने सांगितलं की मुदत संपली, आता नूतनीकरण होत नाही, नवीन अर्ज करा. नवीन अर्ज कधी घेणार? पुढचं सर्वेक्षण झाल्यावर. सर्वेक्षण कधी? वरून आदेश आला की. कायदा म्हणतो, पाच वर्षांतून एकदा तरी सर्वेक्षण झालंच पाहिजे. ते तुम्ही करत नाही आणि दंड मात्र आमच्याकडून घेता! फाईल तुमच्या टेबलावर पडून मुदत संपली, त्यात माझ्या आईचा काय गुन्हा?

हे फक्त आमच्याच शहरात चाललंय असंही नाही. मुंबईत 2014 च्या सर्वेक्षणात 99 हजारांच्या आसपास अर्ज आले होते. फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणाचं आणि जागांचं बघणाऱ्या शहर फेरीवाला समितीच्या निवडणुकीला 2024 चा ऑगस्ट उजाडला, आणि तेव्हा मतदार यादीत होते जेमतेम 32 हजार. समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यात एक तृतीयांश बायका असाव्यात, असं कायदा सांगतो. समितीच बसली नाही तर फेरीवाल्याच्या बाजूने टेबलावर बोलायचं कोणी?

सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? 2020 मध्ये लॉकडाऊननंतर केंद्राच्या पीएम स्वनिधी योजनेचं, पथविक्रेत्यांसाठीचं दहा हजारांचं कर्ज आलं, तेव्हा याच महापालिकेने आईला शिफारसपत्र दिलं. त्यावर स्पष्ट लिहिलंय की ही बाई पथविक्रेती आहे. सही आहे, शिक्का आहे. कर्ज द्यायच्या वेळी ती पथविक्रेती, आणि जागा द्यायच्या वेळी अतिक्रमण? तिने एकही हप्ता चुकवला नाही. ज्या गाडीच्या जिवावर तिने ते हप्ते फेडले तीच तुम्ही उचलून नेता.

आणि नवीन अर्ज बंद आहेत ना? मग समोरच्या कोपऱ्यावर चार महिन्यांपूर्वी उभ्या राहिलेल्या चायनीजच्या गाडीला परवाना कुठून मिळाला? तिथे कोणाचा माणूस आहे हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे. शेजारच्या हॉटेलाने फुटपाथवर सहा टेबलं मांडलीत, तिथे टेम्पो थांबतसुद्धा नाही. चायनीजवाल्या पोराशी माझं भांडण नाही, त्यालाही पोट आहे. पण त्याचा अर्ज कोणत्या तारखेला आला, आईचा कोणत्या तारखेला, आणि त्याचा नंबर आधी कसा लागला, हे सांगा. अर्जांची यादी तारखेसकट ऑफिसबाहेर लावा. एक कागद चिकटवायला तुमचं काय जातं?

नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा, असा कायदा आहे. आईने मंगळवारी दुपारीच मागितला. मिळाला शुक्रवारी, दंड भरून. मेथी काळी पडली होती, टोमॅटोचं पाणी क्रेटमधून गळत होतं. आई काही बोलली नाही. तिथेच बसून त्यातले चार बरे टोमॅटो वेगळे काढत होती. साठीला आलेली बाई, पहाटे चारला उठून मार्केट यार्डात जाणारी. तिला असं बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि डोकं फिरलं.

सोमवारी मी पुन्हा जातोय. अर्ज नाकारायचा असेल तर कारण लिहा, खाली सही-शिक्का मारा आणि माझ्या हातात द्या. तो कागद घेतल्याशिवाय मी त्या टेबलासमोरून हलणार नाही.