पहिला पेद्रु, चौथा पेद्रु आणि माझी आई

जुझे आगुश्तिन्यु द मासेदु या पोर्तुगीज पाद्र्याचे नाव न अडखळता उच्चारायला मला तीन दिवस लागले, आणि एका व्याख्यानासाठी त्याचे लेखन वाचायला घेतल्यापासून घरातली शांतता गेली. वास्को द गामावर कामोंइश या पोर्तुगीज कवीने रचलेले महाकाव्य आपण सहज मागे टाकू, या खात्रीने 1814 साली ‘ओ ओरिएंत’ लिहिणारा हा गृहस्थ होता. त्याची ती खात्री पुढे फारशी कोणाला पटली नाही. शिवीगाळीत मात्र त्याचा हात धरणारा विरळाच. आपल्या एका नियतकालिकाला त्याने ‘सोललेले जनावर’ अशा अर्थाचे नाव दिले होते, आणि त्यात तो उदारमतवाद्यांची सालटी काढत असे.

हे मी मटार सोलत बसलेल्या आईला सांगितले आणि फसलो, कारण तिने लगेच विचारले, “भांडण कशावरून?”

1826 च्या मार्चमध्ये पोर्तुगालचा राजा जुआंव वारला. थोरला मुलगा पेद्रु ब्राझीलचा सम्राट होता, म्हणजे तिकडे पहिला पेद्रु आणि इकडे चौथा. (इथे आईने मटार खाली ठेवले.) त्याने पोर्तुगालचे सिंहासन आपल्या सात वर्षांच्या मारियाला दिले, एक अट अशी की तिने धाकट्या मिगेलशी लग्न करावे.

“धाकटा म्हणजे तिचा सख्खा काका?” आईचा आवाज चढला. इंग्रजी पुस्तकात ‘अंकल’ या शब्दाआड जे निभावून गेले होते, ते मराठीत एका क्षणात उघडे पडले. “काका, मला वाचवा म्हणायची सोयही ठेवली नाही पोरीला!”

मिगेल 1828 मध्ये पोर्तुगालला परतला आणि पुतणीला बाजूला सारून स्वतःच राजा झाला. हाच धर्माने मान्य असा खरा राजा, असे मासेदुने अखेरपर्यंत लिहिले. तो 1831 मध्ये वारल्यामुळे पुढचे यादवी युद्ध आणि 1834 च्या मेमध्ये एव्होरामोंत येथे मिगेलने पत्करलेली शरणागती त्याला पाहावी लागली नाही. मिगेल हद्दपार झाला आणि जिंकलेला पेद्रुही त्याच सप्टेंबरात क्षयाने गेला. मारिया पंधराव्या वर्षी खरीखुरी राणी झाली.

“आणि लग्न?”

“दुसऱ्याशी झाले.”

“बरे झाले,” असे म्हणून आईने मटारांचे ताट पुन्हा पुढे ओढले, आणि अर्धे माझ्याकडे सरकवले.