घरचं संगीत म्हणून बजेटमध्ये शून्य लिहू नका

बायको माहितीपट करते आणि नवरा स्वतंत्र संगीत करतो, किंवा याच्या उलट, अशी जोडी भेटली की लोक हमखास म्हणतात, "चला, म्हणजे संगीताचा खर्च वाचला!" म्हणतात कौतुकानेच. पण याच हिशेबाने अशा घरातल्या एकाचं काम वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या कामाच्या पोटात जातं, आणि दोघांनाही ते फार उशिरा कळतं. पुण्यामुंबईत, नाशिक-कोल्हापुरात अशी घरं आता बरीच आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिली गोष्ट बजेट. अनुदानासाठी किंवा पिचिंगला (पैसे देणाऱ्यांसमोर फिल्म मांडायला) जो कागद जातो, त्यात "संगीत : 0" असं कधीही लिहू नका. वाचणाऱ्याला वाटतं की यांनी संगीताचा विचारच केलेला नाही. पुढच्या फिल्मला तोच शून्य आधार धरला जातो. आणि घरच्या संगीतकाराला नेमका त्या महिन्यात दौरा लागला, तर बाहेरून कुणाला बोलवायला पैसेच नसतात. बाहेरच्या माणसाला जे द्यावं लागलं असतं ते खर्चात लिहा, आणि पैसे खरोखर नसतील तर तेवढीच रक्कम जमेच्या बाजूला "संगीतकाराचं योगदान" म्हणून दाखवा. फिल्म विकली गेली तर पहिल्या पैशातून ती रक्कम आधी द्यायची, हेही लिहून ठेवा.

आता करार. "नवराबायकोत कसला करार?" हा प्रश्न मनापासून विचारला जातो हे मान्य आहे, पण कॉपीराइट कायदा नातं बघत नाही. निर्मात्याने मोबदला देऊन फिल्मसाठी संगीत करून घेतलं आणि वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर मालकी निर्मात्याकडे जाते, ही वहिवाट सर्वोच्च न्यायालयाच्या 1977 च्या निकालापासून चालत आली. कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने संगीतकार आणि गीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित केला. थिएटरबाहेर त्या संगीताचा जो वापर होतो, त्यातला बरोबरीचा हिस्सा त्यांना लिहूनसुद्धा सोडून देता येत नाही. पण त्याच कायद्यात माहितीपटवाल्यांना हमखास गोत्यात आणणारी तीन कलमं आहेत. हक्क लेखी दिलेले नसतील तर ते दिलेच नाहीत असं धरतात. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय घेतलेले हक्क 1 वर्षात वापरले नाहीत, तर वेगळं ठरलेलं नसल्यास ते संपतात.

यातलं शेवटचं कलम पुन्हा वाचा. माहितीपट 1 वर्षात होत नाही. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'ला 14 वर्षं लागली, आणि ती फिल्म उभीच आहे शाहिरांच्या गाण्यांवर. शूटिंगच्या पहिल्या वर्षी केलेल्या गाण्याचा करार चौथ्या वर्षी, परदेशी चॅनलने कागद मागितल्यावर, बघायला घेतला तर तो मेलेला असू शकतो.

म्हणून मालकी देऊ नका, परवाना द्या. चाल, शब्द आणि रेकॉर्डिंग या तीन वेगळ्या मालमत्ता आहेत, तिन्ही वेगळ्या लिहा. संगीतकार मालक राहतो. फिल्मला मिळतं ते या फिल्ममध्ये आणि तिच्या ट्रेलरमध्ये, जगभर, सर्व माध्यमांत, कायमचं वापरण्याचं स्वातंत्र्य, "1 वर्षात वापर न झाल्यास हक्क संपण्याचा नियम लागू नाही" या वाक्यासह. नातं पुढे कसंही राहिलं, दोघांपैकी कुणी गेलं, तरी फिल्म अडकत नाही आणि गाणीही अडकत नाहीत. दीड पानाचं काम आहे. वकिलाला एकदा दाखवा, दोघांनी सह्या करा.

पैसे प्रत्यक्ष खात्यातून खात्यात जाऊ द्या, बिलासह. एकाच्या फर्ममधून जोडीदाराला मानधन गेलं तर ते देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जाऊ शकतं. घेणाऱ्याला ते स्वतःच्या व्यावसायिक ज्ञानामुळे आणि अनुभवामुळे मिळालं असेल, तर मात्र नाही. त्यामुळे संगीतकाराने बाहेरच्यांना दिलेली जुनी बिलं जपून ठेवावीत, सीए ती मागतोच.

तांत्रिक बाजूला सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं, तर फ्रेम रेटमध्ये. आपल्याकडे बरेच माहितीपट सेकंदाला 25 फ्रेमवर शूट होतात. महोत्सवाने 24 फ्रेमची डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत) मागितली, की लॅब कधी कधी फिल्म सरळ 24 वर चालवते. 60 मिनिटांची फिल्म साडेबासष्ट मिनिटांची होते, त्याचं फार कुणाला काही वाटत नाही. पण सूर अर्ध्या स्वराच्या (सेमिटोनच्या) जवळजवळ पाऊणपट खाली येतो. काळी चारमध्ये लावलेला तानपुरा काळी चार आणि पांढरी पाच यांच्या मधेच कुठेतरी, पांढरी पाचकडे झुकून बसतो. बाईचा आवाज जड होतो, ढोलकीची शाई भिजल्यासारखी वाटते. सूर जागेवर ठेवून नुसती लांबी वाढवणारं सॉफ्टवेअर वापरलं, तर सूर वाचतो पण थाप फाटते. टाळ आणि चिपळ्या ऐका, कडा घासल्यासारखी येते. उपाय एकच : पहिल्या शूटिंगच्या आधी दोघांनी बसून फ्रेम रेट ठरवायचा आणि शेवटपर्यंत तोच ठेवायचा. 25 ची डीसीपीही बनते, ती चालेल का हे महोत्सवाला आधीच विचारा.

रेकॉर्डिंग पहिल्या दिवसापासून 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर ठेवा. अल्बमच्या सवयीने 44.1 वर केलेली फाइल एडिटमध्ये चुकीच्या दराने वाचली गेली, की लांबी आणि सूर दोन्ही हलतात. मिक्सही दोन लागतात. यूट्यूबसारख्या स्ट्रीमिंगला साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (आवाजाची एकूण पातळी मोजायचं एकक) आसपासचा चालतो, युरोपातल्या चॅनलला उणे 23 चा लागतो. अल्बमचा दाबून भरलेला मास्टर फिल्मवर टाकला तर बोलणं गुदमरतं. त्यामुळे एडिटरला मास्टर नाही, स्टेम, म्हणजे सुटे ट्रॅक द्या : गळा, तालवाद्य, स्वरवाद्य, तानपुरा असे वेगळे. मुलाखतीखाली फक्त तानपुरा ठेवायचा असेल तर तो सुटा हातात हवा.

टेम्प, म्हणजे तात्पुरतं संगीत म्हणून दुसऱ्याचं गाजलेलं संगीत एडिटमध्ये टाकू नका. 3 महिने तेच ऐकल्यावर दिग्दर्शकाला दुसरं काही पटत नाही, आणि घरच्या संगीतकाराला त्याची नक्कल करायला लावली जाते. त्यातून घरात जी कटुता येते ती महिनोन्‌महिने जात नाही. जोडीदाराचीच जुनी, अर्धवट रेकॉर्डिंग टाका.

गाणी फिल्मसाठी दाबून ठेवू नका, असं माझं ठाम मत आहे. महोत्सवांना पहिला खेळ फिल्मचा हवा असतो, गाण्याचा नाही. संगीतकाराला वर्षात दोन-चार गाणी बाहेर काढावीच लागतात, नाहीतर कार्यक्रम मिळायचे थांबतात. फक्त एक सांभाळा. गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे गाणं चढवताना यूट्यूब कंटेंट आयडीवर (आपलं गाणं दुसऱ्याच्या व्हिडिओत ओळखून आपोआप दावा लावणारी सोय) सवयीने टिक होते. मग फिल्मचा ट्रेलर चढतो आणि त्यावर दावा येतो, तोही घरातल्याच गाण्याचा! ट्रेलरच्या आधी फिल्मचं चॅनल डिस्ट्रिब्यूटरकडून सूट दिलेल्या यादीत घालून घ्या. याला काही दिवस लागतात, ट्रेलरच्या सकाळी ते होत नाही.

आता सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा, गावात जाऊन रेकॉर्ड केलेली गाणी. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण श्रीनिवास खळ्यांनी दिलेली चाल सगळ्यांची नाही. खळे 2011 साली गेले, त्यांच्या चालींवर मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2071 संपेपर्यंत हक्क आहे. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या आता मोकळ्या आहेत. अण्णाभाऊ 1969 साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द 2029 संपेपर्यंत परवानगीशिवाय घेता येत नाहीत. वामनदादा कर्डकांचे 2064 पर्यंत. आणि यातलं कितीतरी "पारंपरिक" म्हणून बिनदिक्कत वापरलं जातं. कुणी म्हणालं "हे आमच्याकडचं जुनं गाणं", तर आणखी दोघांना विचारा, शेवटच्या कडव्यात कवीचं नाव गुंफलेलं आहे का ते ऐका. शाहिरी गाण्यात ते बहुतेक वेळा असतंच.

गाणाऱ्याचं मानधन त्याच दिवशी, तिथेच द्या. संमती त्यांच्या बोलीत समजावून कॅमेऱ्यावर घ्या आणि कागदावरही घ्या : फिल्मसाठी वेगळी, अल्बमसाठी वेगळी. संगीतकाराने त्या गाण्याला गिटार आणि बास लावला तर त्याचं श्रेय "संगीत संयोजन", "संगीत" नाही. आयपीआरएसकडे (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) नोंद करतानाही तेच. स्वतःच्या नावावर चाल चढवून घेणं ही चोरी आहे, मग ती कितीही प्रेमाने केलेली असो.

पिक्चर लॉक झाला, म्हणजे एडिट पक्कं झालं, की त्याच आठवड्यात क्यू शीट, म्हणजे फिल्ममधल्या संगीताचा तक्ता भरा. प्रत्येक तुकड्याला एक ओळ : सुरुवात 00:04:12, लांबी 1 मिनिट 38 सेकंद, पार्श्वसंगीत की पडद्यावर गायलेलं, चाल कुणाची, शब्द कुणाचे, कोण गायलं, हिस्सा किती. 70 मिनिटांच्या फिल्मला तीसेक ओळी होतात, एक संध्याकाळ पुरते. ही शीट चॅनलला आणि आयपीआरएसला गेली नाही तर प्रक्षेपण होऊनही रॉयल्टी वाटायची कुणाला हे तिथे कळत नाही. दोघांनी मिळून बसा, कारण कुठला तुकडा कुठून आला हे एकाला आठवतं आणि तो फिल्ममध्ये कुठे आहे हे दुसऱ्याला. आणि पाठवण्याआधी गावातल्या त्या गायिकेला फोन करून नाव विचारून घ्या, माहेरचं लावतात की सासरचं, आणि गावाचं नाव कसं लिहायचं तेही.