कॅमेऱ्यात बघून बोलणारा खरंच बोलतो, हे कोणी ठरवलं?

गेल्या पंधरवड्यात एकच पोस्ट मला तीन व्हॉट्सअॅप ग्रुपांवर आली. म्हणणं थोडक्यात असं: नेटफ्लिक्सच्या 'हाऊस ऑफ कार्ड्स'ने २०१३ मध्ये राजकीय मालिका बदलून टाकली. नायकाने थेट प्रेक्षकांशी बोलायची पद्धत तिनेच शोधली. असा नायक आपल्यापासून काही लपवत नाही, म्हणून ती सगळ्यात खरी. आधीच्या मालिका भाबड्या होत्या, आणि खून-कारस्थानांशिवाय राजकारण पडद्यावर रंगतच नाही. या मालिका मी जीव लावून बघते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी ते 'शोधली' बघू. नेटफ्लिक्सची मालिका हीच मुळात बीबीसीच्या १९९० सालच्या मालिकेवरून बेतलेली आहे. ब्रिटनच्या हुजूर पक्षात वरच्या पदांवर काम केलेल्या मायकेल डॉब्स यांची कादंबरी आणि अँड्र्यू डेव्हिस यांची पटकथा. इयन रिचर्डसन यांनी उभा केलेला फ्रान्सिस अर्कहार्ट हा पक्षाचा मुख्य प्रतोद. मालिका सुरू होते ती त्याच्या टेबलावरच्या, तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या फोटोपासून. कुठलीच राजवट कायमची नसते, असं काहीसं तो पुटपुटतो, फोटो पालथा घालतो आणि आपल्याकडे वळून बोलू लागतो. पहिला भाग दाखवला गेला १८ नोव्हेंबरला, आणि चारच दिवसांनी खऱ्या थॅचरबाईंनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. असा योग लेखकाने ठरवून जुळत नाही.

अर्कहार्टच्या मागे शेक्सपिअरच्या नाटकातला कारस्थानी राजा, तिसरा रिचर्ड, उभा आहे. आपले बेत प्रेक्षकांना आधी सांगायचे आणि मग डोळ्यांदेखत पार पाडायचे, ही त्याची रीत. नेटफ्लिक्सचा फ्रँक अंडरवूड झालेल्या केविन स्पेसी यांनी २०११ मध्ये लंडनच्या रंगमंचावर हाच रिचर्ड केला होता. तमाशात सोंगाड्याला समोरच्यांकडे वळून बोलताना बघितलेल्या आपल्या लोकांना तर यात नवल वाटायचं कारण नाही.

आता ते लपवण्याचं. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. माणूस डोळ्यात बघून बोलला की खरं बोलतो, ही आपली सवय. पटकथाकार तीच वापरतो. अंडरवूड पहिल्या सीझनभर आपल्याला विश्वासात घेतो. पुढचा डाव सांगतो, समोरच्याची टर उडवतो, आणि आपण हसत त्याच्या बाजूला जाऊन बसतो. मग दुसऱ्या सीझनचा पहिला भाग येतो. तो झोई बार्न्स या तरुण पत्रकाराला मेट्रो स्टेशनवर बोलावतो आणि येणाऱ्या गाडीसमोर ढकलतो. त्याआधी आपल्याला एक शब्दही सांगत नाही. त्या अख्ख्या भागात तो कॅमेऱ्याकडे बघतच नाही. अगदी शेवटी आरशात नजर उचलतो आणि विचारतो, तुम्हाला वाटलं मी तुम्हाला विसरलो? मी तो भाग दोनदा लागोपाठ बघितला. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की तो आरसा येईपर्यंत आपण त्याच्या बोलण्याचीच वाट बघत असतो. मुलगी रुळांवर गेली आहे आणि आपल्याला खुन्याचा खुलासा हवा आहे! हे तंत्र आपल्याला सत्य सांगत नाही, सामील करून घेतं. त्यातलं कसब मी मनापासून मानते, पण त्याला प्रामाणिकपणा म्हणणं म्हणजे गोड बोलणाऱ्याला सज्जन समजणं.

आधीच्या मालिका भाबड्या, हे म्हणताना बहुधा 'द वेस्ट विंग' (१९९९ ते २००६) डोळ्यासमोर असते. व्हाइट हाउसच्या बोळांतून भराभर चालत वाद घालणारी माणसं, मागेपुढे सरकणारा कॅमेरा. त्या चालण्यामुळे जनगणना किंवा अर्थसंकल्प असे रुक्ष विषयही धावते होतात. मालिका आदर्शवादी आहे, मान्य. पण २००२ मध्ये तिच्या तिसऱ्या सीझनच्या शेवटी हाच सालस, नोबेल मिळवलेला राष्ट्राध्यक्ष बार्टलेट एका काल्पनिक देशाच्या संरक्षणमंत्र्याला गुपचूप ठार मारायला होकार देतो. कुठे? नाटक बघायला गेलेला असताना, नाट्यगृहातच. पुढे कितीतरी भाग तो निर्णय त्याच्या मानगुटीवर बसून राहतो. अंडरवूडला खून पचतो, बार्टलेटला पचत नाही. यातलं भाबडं कोणतं?

त्याहीआधी, १९८० मध्ये आलेल्या 'येस मिनिस्टर'मध्ये मंत्र्याची योजना त्याचाच सचिव अदबीने कशी गाडून टाकतो, हे ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको.

राहिला खुनाचा मुद्दा. डेन्मार्कची 'बोर्गेन' बघा, २०१० साली सुरू झालेली. बिर्गिटे न्यूबोर्ग ही एका मध्यममार्गी पक्षाची नेता अनपेक्षितपणे पंतप्रधान होते. तिच्या संसदेत १७९ जागा, बहुमताला ९० हवेत आणि कुणा एकाकडे ते नाहीत. सगळा ताण इथून तयार होतो: कोणाला कोणतं खातं, कोण कधी पाठिंबा काढणार. १४५ च्या आकड्याभोवती २०१९ चा नोव्हेंबर काढलेल्या आपल्याला हा ताण वॉशिंग्टनच्या कारस्थानांपेक्षा कितीतरी ओळखीचा आहे.

पहिल्या सीझनमधला सगळ्यात मोठा घाव तर घरातच बसतो. बिर्गिटेच्या नवऱ्याला, फिलिपला, मुलांसाठी थांबलेली नोकरी परत मिळालेली असते, मोठ्या हुद्द्याची. मग कळतं, की लढाऊ विमानांच्या सरकारी व्यवहारात त्याच्या कंपनीचा संबंध आहे. ती त्याला नोकरी सोडायला सांगते. पंतप्रधान म्हणून तिचं चुकत नाही, आणि संसार त्यानंतर सावरत नाही. त्या प्रसंगात कोणी कॅमेऱ्याकडे बघून आपल्याला काही समजावत नाही. आपण तिच्या बाजूने की त्याच्या, हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि मला अजून ठरवता आलेलं नाही.