मेश, जांभा आणि फोनवरच्या काड्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गावच्या जाड भिंतींच्या घरात वायफाय आतल्या खोल्यांपर्यंत न्यायला केबलच टाका, आणि ओल्या भिंतीमुळे रेंज जाते, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. (मेश म्हणजे एकमेकांशी बोलून घरभर वायफाय पसरवणारे डबे.) ‘केबलसाठी जुन्या घराच्या भिंती फोडायला सांगणं हा अडाणीपणा आहे. माझ्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मेशचे दोन डबे लावले, प्रत्येक खोलीत पूर्ण काड्या येतात. गणपतीच्या आधी गावच्या घरीही तेच लावणार आहे. आणि ओल्या भिंतीमुळे रेंज जाते हे तर थोतांडच,’ असं तुम्ही लिहिलंय.

भिंतींचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. ‘ड्रिलने भोक पाडा’ असं मी सरसकट लिहिलं, ते चुकलंच. कौलारू घरात त्याची बहुतेक वेळा गरजच पडत नाही, कारण आतली भिंत कितीही रुंद असली तरी माळ्याच्या उंचीला ती संपते. राजापूरजवळच्या आमच्या घरात शेवटी मी तेच केलं. केबल ओटीवरून वर चढवली, माळ्यावरून आडवी नेली आणि माजघरात खाली सोडली. एकही चिरा दुखावला नाही. माळ्यावर उंदीर असतातच, म्हणून ती पीव्हीसी पाइपातून नेली. हे मूळ लेखात यायला हवं होतं. तो परिच्छेद आजच बदलला आहे.

मेशबद्दल मात्र माझं मत तेच आहे. फ्लॅटमधल्या आतल्या भिंती चार-सहा इंचांच्या. आमची ओटी आणि माजघर यांच्यामध्ये दीड फूट जांभा आहे. मेशचा दुसरा डबा पहिल्याशी बिनतारीच बोलतो, म्हणजे त्यालाही तीच भिंत ओलांडावी लागते. फोनवरच्या काड्या फक्त फोन आणि जवळचा डबा यांच्यातलं नातं दाखवतात. त्या डब्याला मागून काय मिळतंय, ते काड्यांना ठाऊकच नसतं. यात मी स्वतः फसलोय. माजघरात पूर्ण काड्या, आणि आईने मस्कतला भावाला लावलेला व्हिडिओ कॉल सारखा अडकायचा. आईला वाटायचं, आपलंच काहीतरी बटण चुकतंय. हळूहळू तिने कॉल लावणंच कमी केलं. मी या विषयावर इतक्या आग्रहाने का लिहितो, ते त्यामुळे.

तोच दुसरा डबा केबलने जोडला की उत्तम चालतो. कॅट सिक्स, म्हणजे नेटवर्कची तांब्याची केबल, १०० मीटरपर्यंत काही कुरकुर करत नाही. फक्त आत पूर्ण तांबं आहे ना, हे दुकानात विचारून घ्या. घरात जुना राउटर पडून असेल तर नवा डबासुद्धा नको. त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना नेटवर्कमधले पत्ते वाटण्याचं काम) बंद करायचं, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवायचा, केबल ‘लॅन’ लिहिलेल्या भोकात लावायची आणि वायफायचं नाव-पासवर्ड तेच द्यायचं.

आता ओल. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. पावसाची झड पश्चिमेच्या भिंतीवर बसते म्हणून तर आपल्याकडे तिकडे झापं बांधतात. आणि वायफायच्या लहरी पाणी शोषून घेतं. आमच्या पश्चिमेच्या पडवीत मे महिन्यात चालणारा फोन जुलैत चाचपडतो, हे मी दोन पावसाळे बघतोय.

ठाण्याचा अनुभव गावाला लागू न पडण्याचं आणखी एक कारण आहे. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं. तुमच्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी, म्हणून तुम्हाला ५ गिगाहर्ट्झ सोयीचा. पण जाड भिंतीतून २.४ जास्त पार जातो, आणि वाडीत त्याला अडथळा आणणारं शेजारी नेटवर्क क्वचितच असतं. तिथे २.४ बंद करू नका.

मात्र गोठ्यापर्यंत किंवा वेगळ्या खोपीपर्यंत नेट न्यायचं असेल तर उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नका. जवळ वीज पडली तर तिचा झटका त्या तारेतून दोन्हीकडची यंत्रं जाळू शकतो. तिथे फायबरच, म्हणजे वीज न वाहणारी काचेच्या तंतूची केबल, टाका.

मेशचे डबे तुमच्याकडे आहेतच, तर नवे घेण्याआधी हेच गावी घेऊन जा. दुसरा डबा माजघरात ठेवा, त्याला लॅपटॉप केबलने लावा आणि वेग मोजा. एकदा मधलं दार उघडं ठेवून, एकदा लावून. दार लावल्यावर वेग टिकला तर तुमच्या घराला माझ्या केबलची गरज नाही. आकडे काहीही आले तरी इथे कळवा, मी ते लेखात तसेच टाकेन.